एवढं येतं तर शिकवतोस कशाला? ऑनलाइन पोकरच्या मास्तरांची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत हेडफोन लावणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी, आणि आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ज्यांना पटत नाहीत त्यांच्यासाठी तर खासच. कारण आज आकडे बरेच आहेत. बोलताना अडखळलो होतो तेवढं साफ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: अमुक एक प्रो खेळाडू पोकरचं कोचिंग देतो, फी बरीच आहे, घेऊ का? आणि त्याला चिकटूनच दुसरा प्रश्न: त्याला एवढं येतं तर तो स्वतः खेळून कमवेल ना, मला शिकवतो कशाला? हाच प्रश्न शेअर बाजाराचे क्लास घेणाऱ्यांनाही लोक विचारतात, पण तिथे उत्तर सापडत नाही, कारण मास्तरांचा खरा हिशेब कुणाला दिसत नसतो. ऑनलाइन पोकरमध्ये मात्र प्रत्येक डाव सर्व्हरवर लिहिलेला असतो. कोणी किती लावले, कधी लावले, कधी पत्ते टाकले, सगळं. मी दिवसभर लॉग फाइल वाचून पगार घेणारा माणूस आहे, त्यामुळे हा इतिहास मला जरा जास्तच जवळचा वाटतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. गणपतीत जागरणाला तीन पत्ती खेळला असाल तर निम्मं कळलंच. पोकरचा सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाच्या हातात दोन बंद पत्ते, मध्ये टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच सामाईक पत्ते, आणि पैसे लावायच्या चार फेऱ्या. सात पत्त्यांतून ज्याचे पाच पत्ते भारी त्याचा पॉट, किंवा बाकीच्यांनी घाबरून पत्ते टाकले तर उरलेल्याचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नाही, समोरच्या माणसांविरुद्ध खेळता. क्लब फक्त पॉटमधून आपला हिस्सा कापून घेतो. त्याला रेक म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या अड्ड्यांवर त्याला नाल म्हणायचे. म्हणजे सगळ्यांचं मिळून खातं नेहमी तोट्यातच. जिंकायचं तर समोरच्यांपेक्षा थोडं चांगलं असून भागत नाही, नाल कापूनही उरेल इतकं चांगलं असावं लागतं.

आता इतिहास. इंटरनेटच्या आधी हे ज्ञान घराण्याच्या चिजेसारखं होतं. ज्याला येतं तो तोंड उघडायचा नाही. १९७८ मध्ये ही कोंडी फोडली डॉयल ब्रन्सन या टेक्सासच्या जुगाऱ्याने. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली होती. त्याने चिप रीस, माइक कॅरो, डेव्हिड स्क्लान्स्की अशा त्या काळच्या जाणत्यांना गोळा केलं, प्रत्येकाला एकेक प्रकरण दिलं आणि पुस्तक स्वतःच छापलं. पुढे ते ‘सुपर सिस्टम’ नावाने प्रसिद्ध झालं. किंमत? १९७८ चे १०० डॉलर. म्हणजे पुस्तकाची नाही, क्लासचीच फी. आणि पुढे ब्रन्सन स्वतः म्हणायचा की या पुस्तकाने आपलंच नुकसान झालं, कारण टेबलावर समोर बसलेली पोरं त्याचंच पुस्तक वाचून यायला लागली.

हा पेच लक्षात ठेवा, कारण पुढची जवळपास पन्नास वर्षं हाच पेच फिरून फिरून येतो. पोहायचा मास्तर शिष्याला तरबेज करतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या तलावातलं पाणी कमी होत नाही. पोकरच्या मास्तराचं होतं.

१ जानेवारी १९९८ ला ‘प्लॅनेट पोकर’ या साइटवर खऱ्या पैशांचा पहिला ऑनलाइन डाव वाटला गेला. २००१ मध्ये पार्टीपोकर आणि पोकरस्टार्स आले. मग २००३. टेनेसीचा एक अकाउंटंट, आडनाव चक्क मनीमेकर, ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सीरीजच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि ८३८ जणांना मागे टाकून २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. दुसऱ्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ लोक. २००६ मध्ये ८,७७३. घरबसल्या खेळणारा नवखाही करोडपती होऊ शकतो, हे टीव्हीवर सगळ्या जगाने बघितलं. ऑनलाइन टेबलं नवख्यांनी भरून गेली.

पण माझ्या मते मनीमेकरपेक्षा मोठी गोष्ट शांतपणे घडत होती. कॅसिनोच्या टेबलावर तासाला साधारण तीसेक डाव होतात. ऑनलाइन एका टेबलावर त्याच्या दुप्पट-अडीचपट, आणि माणूस चार टेबलं एकदम उघडून बसतो. शिवाय प्रत्येक डावाची टेक्स्ट फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर सेव्ह होते. २००१ मध्ये पोकरट्रॅकर नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते या फाइल वाचून डेटाबेसमध्ये टाकायचं आणि प्रत्येक खेळाडूची कुंडली काढायचं: शंभरातल्या किती डावांत हा स्वतःहून पैसे घालतो, किती वेळा वाढवतो, दाबलं की किती वेळा पळतो. पुढे हे आकडे खेळता खेळता प्रत्येकाच्या नावाखाली स्क्रीनवरच दिसायला लागले.

शिकवण्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? ब्रन्सनच्या काळात शिष्य म्हणायचा, "मास्तर, काल मी गुलामाची जोडी घेऊन हरलो." मास्तरांकडे शिष्याच्या आठवणीशिवाय काहीच नसायचं, आणि हरलेल्या माणसाची आठवण कशी असते ते आपल्याला माहीत आहे. आता शिष्य पन्नास हजार डावांची फाइल पाठवू लागला. मास्तर क्वेरी मारून सांगणार, "शेवटच्या जागेवरून तू ठीक खेळतोस, पण ब्लाइंडमध्ये बसलास की तुझं भोक पडलेलं असतं." हे थेट डीबगिंग आहे हो. कोडमधला बग लॉग बघून शोधतात, तसंच.

२००५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातला टेलर केबी आणि त्याचा मित्र अँड्र्यू विगिन्स यांनी कार्डरनर्स सुरू केलं. कल्पना आज ऐकायला अगदी साधी. मोठ्या टेबलांवर जिंकणारा खेळाडू आपली स्क्रीन रेकॉर्ड करतो, खेळता खेळता डोक्यात काय चाललंय ते बोलत जातो, आणि तुम्ही महिन्याची वर्गणी भरून ते बघता. त्याच वर्षी यूट्यूब जन्माला आलं होतं, हे लक्षात घेतलं की कल्पना किती ताजी होती ते कळतं. आज गेम स्ट्रीम करणारी पोरं जे करतात ते पोकरवाल्यांनी तेव्हा पैसे घेऊन केलं. पुस्तकात न येणारी गोष्ट व्हिडिओत आली ती म्हणजे संकोच. मोठा खेळाडू तीन सेकंद थांबतो, "इथे मला नक्की कळत नाहीये" म्हणतो आणि मग निर्णय घेतो. शिकणाऱ्याला हेच तर बघायचं असतं.

आता मूळ प्रश्नाकडे. जिंकणारा माणूस शिकवतो कशाला? याचं उत्तर स्वभावात कमी आणि गणितात जास्त आहे. मी घरी बसून केलेला हिशेब सांगतो, तुम्हीही करून बघा. पोकरमध्ये कमाई बिग ब्लाइंडमध्ये मोजतात. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधीच टेबलावर टाकावी लागणारी रक्कम. शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावणारा माणूस ऑनलाइनमध्ये चांगलाच खेळाडू. पण त्याच शंभर डावांमागे नशिबाचा हेलकावा असतो साधारण १०० ब्लाइंडचा. कमाई डावांच्या पटीत वाढते, हेलकावा वर्गमुळाच्या पटीत. १०,००० डाव घ्या: अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड, हेलकावा १,०००. म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के. चार टेबलांवर तासाला ३०० डाव धरले तर हे तेहेतीस तासांचं काम. एक आठवडाभर राबायचं आणि तीनात एकदा खिशातून पैसे द्यायचे. एक लाख डाव खेळलात, म्हणजे तीनशेवर तास, तरी तोट्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास उरतेच.

घरभाडं मात्र दर महिन्याला पाच तारखेला असतं. कोचिंग म्हणजे या माणसाचा पगार. वर्गणी आणि तासाची फी यांना हेलकावा नसतो. म्हणून जो शिकवतो त्याला खेळता येत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. चांगल्या खेळाडूलाही शिकवण्याचं पक्कं, प्रामाणिक कारण आहे.

पण आता हाच हिशेब उलटा करा. समजा एक माणूस शंभर डावांमागे २ ब्लाइंड हरणारा आहे. त्याचे दहा हजार डाव काढले तर तो नफ्यात दिसण्याची शक्यता ४२ टक्के. असे शंभर हरणारे रांगेत उभे करा. त्यातल्या बेचाळीस जणांकडे हिरवा आलेख असेल, खरा, न खोडलेला. त्यातल्या चार जणांनी जरी "मी शिकवतो" म्हटलं तरी तुम्ही स्क्रीनशॉट बघून काय ओळखणार? कोणी खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. हरणारा मास्तर आणि जिंकणारा मास्तर, दोघांचा फोटो सारखाच.

पोकरच्या जगाने यावर एक अर्धंमुर्धं उत्तर शोधलं होतं: मोठ्या टेबलांवर उघड्यावर खेळून दाखवणारे मास्तर. आणि तिथेच या धंद्यातला सगळ्यात गाजलेला वाद झाला.

२००९ चा हिवाळा. फुल टिल्ट पोकर या साइटवर ‘इसिल्दुर१’ नावाचा कोणीतरी अचानक उगवला आणि जगातल्या एकेका मोठ्या नावाला एकटं गाठून, लाखो डॉलर पणाला लावून खेळू लागला. कोण आहे कुणालाच माहीत नाही. २०११ च्या जानेवारीत जाहीर झालं की तो व्हिक्टर ब्लोम, स्वीडनचा एक विशीतला पोरगा. तर ८ डिसेंबर २००९ ला ब्रायन हेस्टिंग्ज नावाच्या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडून साधारण पाच तासांत जवळजवळ ४२ लाख डॉलर जिंकले. ऑनलाइन पोकरच्या इतिहासात तोवर एका दिवसात कुणी इतके जिंकले नव्हते. हेस्टिंग्ज कार्डरनर्सचा मास्तर. काही दिवसांनी एका मुलाखतीत त्याने सहज सांगून टाकलं की आपण आणि सहकारी मास्तर ब्रायन टाउनसेंड, कोल साउथ यांनी मिळून इसिल्दुरच्या खेळाचा अभ्यास केला होता. टाउनसेंडने इसिल्दुरच्या सुमारे तीस हजार डावांचा डेटा जमवला होता. त्यातले बरेच डाव त्याने स्वतः खेळलेले नव्हते, दुसरीकडून मिळवलेले होते. साइटच्या नियमात हे बसत नव्हतं. टाउनसेंडने ते कबूल केलं आणि साइटने त्याचं अधिकृत प्रोपद महिनाभरासाठी काढून घेतलं. पैसे जिथे होते तिथेच राहिले.

ही गोष्ट वाचताना मला दर वेळी टाउनसेंडपेक्षा ब्लोमचं वाटतं. तो टेबलावर एका माणसाशी खेळत होता आणि पलीकडे अख्खी शाळा बसली होती. एकत्र बसून अभ्यास करणं चुकीचं नाही, आपण सगळे हॉस्टेलवर तेच करून पास झालो. पण त्याच्याकडे स्वतःचे डाव होते, यांच्याकडे सगळ्यांचे. ज्याच्याकडे जास्त डेटा तो जिंकतो, हे आज आपल्याला रोजचं आहे. पोकरवाल्यांना ते २००९ मध्येच, चाळीस लाख डॉलरला समजलं.

पुढचा टप्पा पटकन सांगतो. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या न्याय विभागाने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर यांच्या चालकांवर खटले भरले. हाच तो ब्लॅक फ्रायडे. अमेरिकेतल्या खेळाडूंचा धंदा एका दुपारी बंद. पोकरस्टार्सने लोकांचे पैसे लवकर परत केले. फुल टिल्टकडे मात्र ते नव्हतेच: सरकारच्या म्हणण्यानुसार मार्च २०११ अखेर कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते ६ कोटी. अमेरिकन खेळाडूंना पैसे परत मिळायला लागले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. बरेच प्रो सामान बांधून कॅनडा, मेक्सिको, कोस्टा रिका अशा ठिकाणी राहायला गेले. २०१२ मध्ये फिल गॅलफॉन्डने ‘रन इट वन्स’ ही शिकवणीची साइट काढली. मोठ्या टेबलांवरचा नावाजलेला खेळाडू आणि त्याहून नावाजलेला शिक्षक, अशी त्याची ख्याती.

याच सुमाराला कोचिंगचा एक वेगळा नमुना रुजला, आणि आपल्याकडच्या पोरांनी सगळ्यात नीट समजून घ्यायला हवा तो हाच. फी नाही, नफ्यात वाटा. मास्तर शिकवतो, बरेचदा खेळायला भांडवलही देतो, आणि शिष्य नफ्याचा अर्धा किंवा ठरेल तो हिस्सा देतो. ऐकायला अर्धेलीच्या शेतीसारखं गोड. मेख आहे ‘मेकअप’ नावाच्या कलमात. शिष्य हरला तर तोटा त्याच्या नावावर चढत जातो आणि पुढच्या नफ्यातून तो आधी फेडायचा. समजा तुम्ही ३,००० हरलात आणि मग ५,००० जिंकलात. पहिले ३,००० मास्तरांचे. उरलेल्या २,००० चे दोन भाग, तुम्हाला १,०००. हिशेब चुकीचा नाही, भांडवल त्याचं आहे. पण मघाचं गणित आठवा: चांगला खेळाडूही महिनोन्‌महिने तोट्यात राहू शकतो, म्हणजे महिनोन्‌महिने फुकट खेळू शकतो. मराठवाड्यातल्या ऊसतोडीची उचल ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना ही रचना ओळखीची वाटेल: फिटली नाही की पुढच्या हंगामावर. तुलना इथेच थांबवतो, कारण तिथे पोटाचा प्रश्न असतो आणि इथे एसीत बसलेला इंजिनियर.

असाच एक एसीतला इंजिनियर माझा हॉस्टेलचा मित्र. नाव सांगत नाही. २०२२ मध्ये नोकरी सोडून असाच करार करून खेळायला बसला. त्याने मला एकदा आलेख पाठवला होता: ४०,००० डाव, शंभराला २ ब्लाइंड नफा. "बघ, जमतंय." मी त्याच्याच आकड्यांवर हिशेब केला. अगदी बरोबरीत राहणारा, ना नफा ना तोटा असा माणूससुद्धा ४०,००० डावांत शंभरातून चौतीस वेळा एवढा किंवा याहून चांगला आलेख दाखवतो. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझा आकडा बरोबर आहे रे, पण उरलेल्या सहासष्टांत मी असेन ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तोही बरोबरच होता.

तिकडे मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकत होती. पोकरवर गणित करायची हौस जुनी आहे. जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्येच अशा खेळांचा सिद्धांत मांडला, आणि थाप मारणं हा स्वभाव नसून गणिती गरज आहे, हे दाखवून दिलं. सोपं उदाहरण: शेवटच्या फेरीत पॉट १०० चा आहे आणि तुम्ही १०० लावता. समोरच्याला १०० घालून ३०० मिळण्याची संधी आहे, म्हणजे तीनात एकदा तुमची थाप पकडली तरी त्याचं भागतं. मग तुमच्या अशा तीन चालींत दोन खऱ्या आणि एक थाप हवी. कमी थापा मारल्या तर तो नेहमी पळेल, जास्त मारल्या तर नेहमी पकडेल. एका फेरीसाठी हे कागदावर जमतं. पूर्ण खेळासाठी यंत्र लागतं.

२०१५ च्या जानेवारीत कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की दोघांचा, ठरावीक रकमेचा होल्डेम व्यवहारात सुटला आहे. ४,८०० सीपीयू ६८ दिवस चालवून. त्याच वर्षी पायोसॉल्व्हर नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि तशा जातीचं गणित घरच्या कॉम्प्युटरवर करता यायला लागलं. त्याच महिन्यात एमआयटीने पोकरच्या सिद्धांतावर छोटा अभ्यासक्रम घेतला. त्याचे व्हिडिओ आजही फुकट आहेत. १९७८ मध्ये १०० डॉलर देऊन जेवढं कळायचं त्यापेक्षा जास्त आता फुकटात.

२०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस या प्रोग्रॅमने चार प्रो खेळाडूंना २० दिवसांत, १,२०,००० डावांत हरवलं. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. खेळाडू रोज रात्री एकत्र बसून यंत्राच्या खेळातली भोकं शोधायचे. आणि त्याच रात्री यंत्र, त्यांनी दिवसा कुठली भोकं वापरली ते बघून, ती बुजवत बसायचं. रात्रपाळीला पॅच डिप्लॉय.

मग मास्तर बेकार झाले का? नाही. उलट धंदा वाढला. कारण यंत्र उत्तर देतं, कारण देत नाही. स्क्रीनवर येतं: या पत्त्यांनी ७० टक्के वेळा कॉल, ३० टक्के वेळा फोल्ड. का? ते तुमचं तुम्ही बघा. आणि माणसाच्या डोक्यात असे लाखो आकडे मावत नाहीत. पूर्वीचा मास्तर "मी काय केलं असतं" ते सांगायचा; आताचा यंत्राच्या उत्तरातून माणसाला लक्षात राहील असा नियम काढून देतो. २०२० च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत डॅनियल नेग्रानू आणि डग पोक यांची २५,००० डावांची झुंज झाली. पोक स्वतः शिकवणीची कंपनी चालवणारा. सहा वर्ल्ड सीरीज ब्रेसलेट मिळवलेल्या नेग्रानूने तयारीसाठी चक्क तरुण मास्तर ठेवले. हरला, सुमारे १२ लाख डॉलर. पण हरता हरता त्याचा खेळ सुधारत गेला, हे पोकच्या बाजूचे लोकही म्हणत होते.

आणि त्याच २०२० मध्ये गॅलफॉन्ड. जगाला शिकवणारा हा माणूस म्हणाला, यंत्राचा जमाना आलाय तर मी अजून जिंकतो का ते उघड्यावर बघू. पहिला प्रतिस्पर्धी ऑनलाइन टेबलांवर ‘व्हेनीविडी१९९३’ या नावाने खेळणारा. ओमाहा हा चार पत्त्यांचा प्रकार, २५,००० डाव, १०० आणि २०० युरोचे ब्लाइंड. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गॅलफॉन्ड ९ लाख युरो मागे पडला. त्याने खेळ थांबवून सुट्टी घेतली, सोडून द्यायचा विचारही जाहीरपणे मांडला. मग परत आला. शेवटचा डाव संपला तेव्हा तो पुढे होता: १,६७१ युरोंनी. म्हणजे आठ-साडेआठ ब्लाइंड. नऊ लाख खाली जाऊन परत वर येऊन, पंचवीस हजार डावांनंतर हाती आला तो एका बऱ्या फोनचा खर्च. तो चांगला खेळाडू आहे का? माझ्या मते नक्कीच. पण एवढ्या एका आलेखावरून तसं म्हणता येणार नाही.

आता आपल्याकडे. पोकर इथे दोन वाटांनी आला. एक गोव्याची: तिथला जुगार कायदा १९७६ चा, आणि पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींवर पोकरच्या स्पर्धा गेली कित्येक वर्षं होतात. (महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी लागूच केला नाही.) दुसरी वाट मोबाइलची: २०११ नंतर अड्डा५२, पोकरबाझी वगैरे भारतीय साइट. हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, या मुद्द्यावर त्या उभ्या होत्या. इथे मास्तरांचं असणं कंपन्यांनाही सोयीचं होतं, असं मला वाटतं. ज्याचा क्लास असतो ते कौशल्यच असणार, नाही का?

मग २०२३. एप्रिलपासून निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस, ऑक्टोबरपासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. नाल आधीच होती, वर ही. शंभराला २ ब्लाइंडवाल्यांचं गणित तिथेच मोडलं होतं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला: २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. साइटनी काही दिवसांतच पैशांचे डाव थांबवले.

माझा मित्र तेव्हा मेकअपमध्ये होता. करारात लिहिलं होतं की स्वतःहून सोडलं तर तोटा भरून द्यायचा. आता सोडलं कोणी? त्याने, का सरकारने? मास्तरांचं म्हणणं एक, ह्याचं एक. कोर्टात कोणी जाणार नाही, कारण असला करार कोर्टात दाखवायची कुणाची हिंमत? तो पुन्हा मुलाखती देतोय. तीन वर्षांच्या गॅपबद्दल एचआरला काय सांगायचं, यावर आम्ही गेल्या रविवारी दोन तास बोललो. शेवटी ठरलं: डेटा ॲनालिसिस. खोटंही नाही.

आणि ज्यांनी मला मेसेज करून विचारलं होतं, त्यांच्यासाठी एवढंच: मास्तरांकडे आलेखाचा फोटो मागू नका, डावांची फाइल मागा आणि डाव किती ते आधी बघा. लाखाच्या आत असतील तर वरचं गणित त्यांच्यासमोर बसूनच करा. मास्तर खरा असेल तर त्याला राग येणार नाही, कारण त्याने ते आधीच केलेलं असतं.

पुढच्या भागात १९६८ चा सुप्रीम कोर्टातला रमीचा खटला. रमी हा कौशल्याचा खेळ, असं कोर्टाने तेव्हा का म्हटलं आणि त्या एका निकालावर पुढे केवढा धंदा उभा राहिला, ते बघू. तोवर, भेटू.